कोंबडा आरवल्यावर पुढं काय झालं

सत्यभामामावशीला आमच्या शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, चांगली माणसं आवडत नाहीत. मुळात ती फार नाहीतच, पण जी आहेत त्यांची गोष्ट निघाली की ती तळहातावर तंबाखू मळायला घेते आणि मेंढरांकडं बघत बसते. कोणी चुकलं, पळालं, खोटं बोललं, की मळणं थांबतं. "हां, आता बोल. काहून पळाला म्हणतीस?"

मावशी आमच्या मंडळीतली नाही. हटकर धनगराची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, त्याच्यावर भंडाऱ्याचं पिवळं बोट. साठ-सत्तर मेंढरं, दहा-बारा शेळ्या, एक घोडं आणि दोन कुत्री, एवढा तिचा संसार. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, सोबतीला दीर नामाजीभावजी. शिरड शहापूरच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या कडेला आमचं पत्र्याचं चर्च, आणि चर्चला लागून मंडळीचं तीन एकर रान. सोयाबीन निघालं की दरसाल मावशी त्या रानात मेंढरं बसवते. म्हणजे दिवसा बाहेर चारायची आणि दिवस कलला की रानातच जाळीच्या कुंपणात कोंडायची. त्या जाळीला वाघर म्हणतात. आठवड्यानं वाघर उपटायची, पुढच्या तुकड्यात रोवायची. असं करत नाताळापर्यंत अख्खं रान लेंडीखतानं काळं होतं आणि मावशीला वर्षाची ज्वारी मिळते. त्या दोन महिन्यांत आमच्या अकरा घरांतली पोरं घरी सापडत नाहीत. ती वाघरीपाशी असतात.

आमचे जुने पाळक, म्हणजे चर्च चालवणारे, तेही तिथंच बाज टाकून बसायचे आणि गोष्टी सांगायचे. त्यांचा आवाज जुन्या टेबलफॅनसारखा, तीन शब्द झाले की एक घरघर. हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा मी दुसरीत होते. अजून त्यांच्या आवाजात शब्द न् शब्द काढून दाखवते.

"एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती," पाळक म्हणाले. "त्यातलं एक हरवलं. तेव्हा त्यानं नव्व्याण्णव रानात सोडली, आणि..."

"कोणापाशी सोडली?" मावशी.

"कोणापाशी नाही, बाई. रानात सोडली."

"एकटा व्हता?"

"एकटाच."

"अय बाप्पा! पाळकबाबा, तुमी कदी दहा तरी चारली का? एका माणसानं शंभर चारली तर एक न्हाई, चाळीस हरवतील. तेची बायकू व्हती तिथं. नव्व्याण्णव तिच्यापाशी टाकली म्हणून तर गडी एकासाठी हिंडाय गेला! लिहिणाऱ्यानं तेवढीच लिहायची ठिवली."

जुने पाळक बराच वेळ नुसते घरघरले. मग म्हणाले, "असंल, बाई. लिहिणारे सगळे पुरुषच होते." आमच्या अकरा घरांत ती गोष्ट आता बायकोसकटच सांगतात.

नोहाचंही तसंच. पुरातून सगळी जनावरं वाचवणारा एवढा मोठा माणूस, तारवातून उतरला आणि दारू पिऊन तंबूत उघडा पडला. हे लेकरांपुढं सांगावं का, म्हणून पाळक अडखळले. मावशीनं अडखळू दिलं नाही. "वाघापासून घुशीपर्यंत सगळ्यांचं शेण तेनंच काढलं ना वर्षभर, दारं-खिडक्या लावून? पिला तर पिला. पांघरूण कोणी घातलं ते सांगा." योना देवानं पूर्वेला धाडलेला असून पश्चिमेच्या जहाजात बसला, तर मावशी मांडीवर थाप मारून म्हणाली, "आमचे नामाजीभावजी! हिंगोलीला मेंढरं इकाय धाडलं तर नरसीला जाऊन भजनात बसत्यात!"

हे जुने पाळक थकले आणि लेकीकडं परभणीला राहायला गेले. गेल्या जूनमध्ये नवे आले. तरुण, सडपातळ, शर्टाला अशी इस्त्री की कडेनं बोट कापेल. त्यांचा आवाज काढायला एकदम सोपा. वाक्य "प्रियजनहो"नं सुरू करायचं आणि शेवटचं अक्षर शेपटीसारखं वर उचलायचं: "पश्चात्तापाची वेळ आली आहेऽऽ!" मी स्वयंपाकघरात म्हणाले तर आईनं दचकून डोक्यावर पदर घेतला होता.

पण माणूस कामाचा, हे सांगायला हवं. द्वारकाकाकूला डेंग्यू झाला तेव्हा सलाईनची बाटली धरून तीन तास तेच उभे होते, कारण दवाखान्यात खुंटी नव्हती. त्यांचं खटकलं ते एकाच बाबतीत. ते म्हणाले, बाप्तिस्मा न घेतलेल्या बाईनं लेकरांना शास्त्राचा अर्थ सांगावा, हे बरोबर नाही. रानात मेंढरं बसू द्या, गोष्टी बंद. मावशीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बंद तर बंद. मी कवा सांगत व्हते? मी तर इचारत व्हते."

आता शिवहारदादाचं. द्वारकाकाकूचा एकुलता एक. हिंगोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि आमच्या चर्चमध्ये पेटी तोच वाजवतो. त्याच्या वडिलांना चर्चच्या मागं लिंबाखाली पुरलंय. दर रविवारी पेटी उघडायच्या आधी तो तिकडं एक चक्कर मारून येतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेटीचा भाता फाटला. नवे पाळक आणि शिवहारदादा ती हिंगोलीला दुरुस्तीला घेऊन गेले. येताना बसले भीमसिंगच्या काळी-पिवळीत. भीमसिंग म्हणजे आमच्या रस्त्याचा जीपवाला, नऊ माणसांच्या गाडीत चौदा बसवतो आणि पंधराव्याला "बहुत जगा है" म्हणतो. पुढचं सगळं मला भीमसिंगनंही सांगितलं आणि दादानंही, त्यामुळं सगळ्यांचे आवाज माझ्याकडं पक्के आहेत.

पाळकसाहेबांनी पेटी आपल्या शेजारी सीटवर ठेवली. एक म्हातारी वाकून उभी होती.

"ओ पाद्रीबाबा," भीमसिंग म्हणाला, "पेटी टप पे डालो. आजी को बैठने दो."

"हे प्रभूचं वाद्य आहेऽऽ. टपावर जाणार नाही."

"तो प्रभू की सीट का अलग किराया लगेगा."

गाडी हसली. पाळकसाहेब तापले. ते काहीतरी सैतानाबद्दल बोलले, भीमसिंग काहीतरी त्यांच्या इस्त्रीबद्दल बोलला, आणि लोकांनी आवाज चढवला. मग भीमसिंगनं मागं वळून शिवहारदादाला विचारलं, "क्यों रे, तू इनके साथ है ना?"

समोरच्या सीटवर दादाच्या वर्गातली वैष्णवी आणि तिच्या दोन मैत्रिणी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

"न्हाई," दादा म्हणाला. "मी न्हाई वळखत."

"अरे, तूच तं पेटी उचलून आणली!" उभी असलेली म्हातारी म्हणाली.

"जड व्हती म्हणून हात लावला, आजी. माणुसकी म्हणून."

"माणुसकी!" कोपऱ्यातला एक जण म्हणाला. "मघाशी 'पाळकसाहेब, सांभाळून चढा' म्हणणारा कोण व्हता मग? तुमची ती बोलीच वेगळी."

"आईच्यान् सांगतो, मी या माणसाला वळखत न्हाई!"

भीमसिंगनं पाळकसाहेबांना पेटीसकट स्टँडवरच उतरवलं आणि गाडी सोडली. पाळकसाहेब मागच्या काचेतून दिसत राहिले. दादाही दिसत राहिला त्यांना. चार तासांनी ते गावात आले ते मोंढ्यातून निघालेल्या हळदीच्या टेम्पोत पोत्यांवर बसून. पांढरा शर्ट, केस, भुवया, सगळं पिवळं. कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझ्यासाठी ती सोपी गोष्ट नव्हती.

दादानं त्याच दिवशी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. कोणी विचारलंही नव्हतं. मग पाळकांच्या दाराशी गेला. "प्रार्थनेत आहेत," असं आतून उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी गेला. प्रार्थनेत. तिसऱ्या दिवशीही प्रार्थनेत.

रविवारी प्रवचन झालं. विषय पेत्र. तो येशूचा सगळ्यात जवळचा चेला, मासे धरणारा. मरेन पण सोडणार नाही म्हणाला, आणि धन्याला धरून नेल्यावर अंगणात शेकोटीपाशी लोकांनी विचारलं तर तीनदा म्हणाला, ओळखत नाही. तिसऱ्यांदा तर शपथ घेऊन. आणि कोंबडा आरवला. पाळकसाहेबांनी कोंबडासुद्धा रागानं आरवून दाखवला. मग वही उघडली आणि म्हणाले, "प्रियजनहो, ज्यानं आपल्या लोकांना नाकारलं, त्याचं नाव येत्या नाताळच्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी या मंडळीतून कमी होईलऽऽ."

प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. मंडळीतला प्रत्येक जण तो घास घेतो. नाव गेलं की घास गेला. पेटी गेली. चर्चमध्ये लग्न लागणार नाही. आणि मेल्यावर लिंबाखाली बापाशेजारी माती मिळणार नाही. द्वारकाकाकू त्या दिवशी चर्चमधून उठलीच नाही. बायका झाडलोट करायला आल्या तरी ती बाकावर बसलेली.

नाव काढायला दोन पंचांच्या सह्या लागतात. एक किसनकाका, बोलायच्या आधी दोनदा खाकरणारे. दुसरे माझे पप्पा, भागवत. पप्पांचा आवाज मी कधी काढत नाही. काढायला आधी तो निघावा लागतो. पप्पा आयुष्यात कोणाला नाही म्हणाले असतील तर ते मला, आणि तेही मानेनं. सही म्हटली की ते पेन हुडकायला लागतात.

मी त्याच दुपारी वाघरीपाशी गेले. गोष्टी बंद होत्या. पण मावशीनं विचारलं, "आज चर्चात कोण रडत व्हतं गं?" मग मी काय करणार? पाळकसाहेबांचं अख्खं प्रवचन, शेपट्यांसकट, मेंढरांपुढं करून दाखवलं. शेवटी कोंबडाही आरवला. एका शेळीनं उडी मारली.

मावशी हसली नाही. तंबाखू हातातच राहिली.

"मग पुढं?"

"पुढं काय? कोंबडा आरवला, वही उघडली, आमेन."

"पुढं न्हाई सांगितलं?"

"न्हाई."

"कोंबड्यावरच थांबिवली?" मावशी उभी राहिली. मी तिला रागावलेलं याआधी एकदाच पाहिलं होतं, मोकाट कुत्र्यांनी गाभण मेंढी धरली तेव्हा. "साधने, आर्धी गोष्ट सांगून माणसाला गावाबाहेर काढून राहिला हा? पुढचं मला ठावं हाय. म्हाताऱ्या पाळकबाबानं सांगितलंय. कदी हाय म्हणलीस ते नाव काढायचं?"

नाताळच्या रविवारी चर्चमध्ये पताका होत्या, कागदाचा तारा होता आणि पेटी बंद होती. पुढं टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली ताट. शिवहारदादा सगळ्यात मागच्या बाकावर, खाली मान घालून. पाळकसाहेबांनी वही टेबलावर ठेवली, पेनाचं टोपण काढून पेन वहीवर ठेवलं आणि किसनकाकांकडं बघितलं.

तेवढ्यात दारात मावशी. चप्पल बाहेर, काठी बाहेर, घोंगडी खांद्यावर. इतकी वर्षं शेजारच्या रानात राहून ती कधी आत आली नव्हती. मेंढराचा वास तिच्याआधी आत आला.

"बाई, उपासना चालू आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"चालू द्या. मी मागं हुबी राहते. एक इचारायचंय, इचारते आन् जाते."

"तुम्हाला मंडळीत बोलायचा हक्क नाही."

"हक्क कुठं मागून राहिले, साहेब? त्या पेतराचं पुढं काय झालं, तेवढं सांगा. कोंबडा आरवला. मग?"

पाळकसाहेब म्हणाले, "तो बाहेर जाऊन रडला."

"मग?"

"मग... तो नंतरचा भाग आहे. आजचा विषय तो नाही."

"आजचाच हाय." मावशी चार पावलं पुढं आली. "मी सांगते, चुकलं तर थांबवा. धनी मेला आन् जित्ता झाला. इकडं हा पेतर गेला परत मासे धराया. रातभर जाळं टाकलं, काही न्हाई. सकाळी बघतो तं काठावर धनी बसलेला. निखारे केलेले, वर मासळी भाजून राहिला. बराबर हाय का?"

 किसनकाकांनी एकदाच खाकरलं, ते हो असावं.

"तेला म्हणला का तो, तू मला तीनदा न्हाई म्हणला, व्हय बाजूला? म्हणला, या, न्याहारी करा. आधी खाऊ घातलं. आधी! खाऊन झाल्यावर इचारलं, माझी माया हाय का तुला. तीनदा न्हाई म्हणला व्हता, तर तीनदा इचारलं. आन् तुमी ताट झाकून ठिवलं, आन् वही उघडली. उलटं करून राहिले की, साहेब."

"बाई," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला, "तुम्हाला माहीत नाही तिथं काय झालं. माझ्याकडं बघून म्हणाला तो. माझ्या डोळ्यात बघून."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की एवढे दिवस त्यांना झोप आली नसावी.

"दुखलं असंल," मावशी म्हणाली. "दुखणारच. मी न्हाई म्हणत न्हाई. पण मी सांगते एक, मग तुमी काय करायचं ते करा." तिनं घोंगडी खांद्यावरून काढून हातात धरली. "मी अठरा वर्साची व्हते. लगीन होऊन आठ महिनं. औंढ्याच्या अंगाला आमचा तळ पडला व्हता. मेंढरं चराया गेली की मागं कोकरं ऱ्हात्यात, तेंची राखण माझ्याकडं. भर दुपारी रस्त्यानं कासार आला. हिरव्या बांगड्या. मी गेले पळत. हात पुढं केला, भरल्या दोन्ही हातात. तेवढ्यात लांडगा आला आन् दोन कोकरं घेऊन गेला. सांजच्याला सासऱ्यानं इचारलं, कुठं व्हतीस? म्हणले, इथंच व्हते की मामंजी, हलले न्हाई. आन् हात मागं लपवले. हातात बांगड्या वाजून राहिल्या."

मागच्या बाकावरची दोन लेकरं हसली. मावशीही हसली.

"तळावर सगळे म्हणाले, माहेरी धाडा हिला. सासू तर गाठोडं बांधून मोकळी. आन् सकाळी सासऱ्यानं काय केलं? सगळी कोकरं माझ्यापुढं आणून सोडली. सासू ओरडली, काल जिच्या हातून गेली, तिच्याच हाती? म्हातारा म्हणला, आज तळावर हिच्यावाणी जागं कोण हाय सांग. आमच्यात ही रीतच हाय, साहेब. कोकरू ज्याच्या हातून गेलं, दुसऱ्या दिवशी कोकरं तेच्याच हवाली. तेव्हापासून आजपत्तर माझ्या राखणीतलं एक कोकरू गेलेलं न्हाई. तुमच्या धन्यालाबी ही रीत ठावं व्हती. तो पेतराला शेवटी काय म्हणला? सांगा की. तुमी शिकलेले हाव."

 सांगितलं ते द्वारकाकाकूनं, बसल्या जागेवरून. "कोकरं सांभाळ म्हणला."

"मासेवाल्याला! मासे धर न्हाई म्हणला, कोकरं सांभाळ म्हणला. मंग ही गोष्ट मासेवाल्याची ऱ्हायली न्हाई. आमची झाली. म्हणून आले सांगाया."

पाळकसाहेबांनी टेबलाची कड धरली होती. "शास्त्र तुमच्या तळाच्या रीतीनं चालत नाही," ते म्हणाले. "आणि मंडळीच्या उपासनेत हा तमाशा मी चालू देणार नाही. तुमची मेंढरं आजच्या आज मंडळीच्या रानातून हलवा."

चर्चमध्ये कोणीतरी "अरे" म्हणालं. रानाचा एक तुकडा अजून बसायचा राहिला होता, आणि मावशीची ज्वारीही अजून मिळायची होती.

"हलवते," मावशी म्हणाली. "हलवते म्हणले की हलवते. पण मेंढरं हलली म्हणून गोष्ट हलत न्हाई." आणि ती वळली. जाताना मागच्या बाकाशी थांबली. "शिवहार. उद्या ये. नऊ मेंढ्या व्याल्या हायेत, कोकरं ल्हान हायेत. मला कोणी न्हाई राखाया."

ती गेली. पाळकसाहेबांनी पेन उचलून किसनकाकांपुढं धरलं. किसनकाकांनी दोनदा खाकरलं. तिसऱ्यांदाही खाकरलं. मग त्यांनी टेबलावरचं टोपण उचललं, पाळकसाहेबांच्या हातातल्या पेनाला लावलं आणि जाऊन बसले.

पेन पप्पांकडं आलं. आईनं डोळे मिटले. मीही.

"न्हाई," असा आवाज आला.

मी डोळे उघडून कोण बोललं ते बघितलं. पप्पा उभे होते, हात पाठीमागं बांधून, शाळेत उभं करतात तसे. "मी न्हाई करत सही," ते म्हणाले. "तुमाला तकलीफ झाली, साहेब, बराबर हाय. त्या जीपमधल्या म्हातारीलाबी झाली असंल, पेटीपायी हुबी राहून. तिची तकलीफ कोण्या वहीत हाय का?"

आणि बसले. एवढं बोलून त्यांना घाम फुटला होता.

"मग मी प्रभुभोजन देणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "त्याचं नाव वहीत असेपर्यंत कोणालाच नाही."

"नका देऊ," किसनकाका म्हणाले, न खाकरता. "आमी बसतो."

आणि आम्ही बसलो. अकरा घरांतली सगळी माणसं. गाणं नाही, प्रार्थना नाही, कोणी उठलंही नाही. लेकरं चुळबुळली, त्यांना आयांनी चिमटे काढले. शिवहारदादा मध्येच उठला, "माझ्यापायी नका, मी जातो," म्हणाला, तर द्वारकाकाकूनं मागं न बघता सांगितलं, "खाली बस. बापाकडं पाठ करून कुठं चाललास?" लिंब त्याच बाजूला आहे. तो बसला. बाहेर मावशीनं वाघरीच्या मेखा उपटायला घेतल्या होत्या. एकेक मेख, ठक्, आणि मेंढरांचा कालवा.

पाळकसाहेब टेबलामागं उभे. सकाळचं ऊन दारातून पार पहिल्या बाकापर्यंत आलं होतं, ते सरकत सरकत मागं दारापर्यंत गेलं. मग त्यांनी वही बाजूला केली आणि शास्त्र उघडलं. पानं उलटली. थांबले. ते मनातल्या मनात वाचत होते, पण ओठ हलत होते, आणि ओठ वाचायला मला येतं. निखाऱ्यांपाशी जरा अडकले. परत मागं गेले आणि परत वाचलं.

मग त्यांनी ताटावरचं फडकं काढलं. नेहमी ते पुढच्या बाकापासून सुरुवात करतात. त्या दिवशी ताट घेऊन मधल्या वाटेनं सरळ मागं गेले, शिवहारदादापर्यंत.

"घे," ते म्हणाले. शेपूट नव्हती आवाजाला.

दादानं घेतलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही, निदान आमच्यापुढं तरी नाही. पेटीही त्या दिवशी उघडली नाही. वहीत नाव मात्र आहे तसं राहिलं. मी दुसऱ्या दिवशी झाडलोटीच्या निमित्तानं जाऊन बघितलं.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी किसनकाकांना मावशीकडं धाडलं, की राहू द्या मेंढरं. मावशी घोड्यावर बिऱ्हाड लादून मोकळी झाली होती.

"साहेबाला म्हणावं, माझा राग न्हाई," ती म्हणाली. "पण हलवते म्हणले व्हते चारचौघात. मी शब्द फिरवला तं मघाशी तेंनी कोणाचं ऐकलं, बाईचं का भाकड शेळीचं?"

"आवो पण तुकडा राहिला की बसायचा!"

"राहू द्या. पुढल्या साली तेवढ्या पट्ट्यात पीक पिवळं निघंल. दिसू द्या सगळ्याला."

मग मेंढरं ओढ्यापलीकडं किसनकाकांच्या रानात गेली. राहिलेली ज्वारी किसनकाकांच्या घरून गेली, आणि काकूंनी वर दोन शेर जास्त घातली, चिडून, काकांना न विचारता.

सोमवारी शिवहारदादा कॉलेजला गेला नाही. मी दुपारी भाकर घेऊन तिकडं गेले तर मेंढरं लांब चराईला गेलेली, नामाजीभावजी त्यांच्या मागं. बाभळीखाली नऊ कोकरं, अजून पाय नीट न धरणारी, आणि त्यांच्या मधोमध दादा उभा. सकाळपासून उभा होता. एखादं कोकरू दोन हात लांब गेलं की हा त्याच्या मागं, त्याला आणून ठेवेस्तोवर दुसरं निघालेलं. मी भीमसिंगच्या आवाजात ओरडले, "बैठ जाव, बहुत जगा है!" त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दादा, भाकर खा की बसून."

"तू धर जरा तिकडून. ते काळं बघ, ते काळं! निघालं."

मावशीनं दोन घास खाल्ले, तोंड धुतलं, हात पदराला पुसले. कोकरांकडं बघितलंही नाही. घोंगडी अंथरली, तोंडावर पदर ओढला आणि भर दुपारी, उघड्या रानात, आडवी झाली. थोड्या वेळानं घोरायला लागली.